मदत हवी आहे: पुनर्वसनाच्या जमिनीवर नाव कसं चढवायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे गोव्यातल्या सांगे तालुक्यातल्या कुर्डी गावचे. साळावली धरणात गाव गेलं, तेव्हा आजोबांना वाडे इथे घराचा प्लॉट आणि थोडी शेतजमीन मिळाली. माडा-पोफळींचं कुळागर पाण्याखाली गेलं आणि वाट्याला आली कातळाची जमीन. असो, तो वेगळा विषय.

आजोबांच्या नावाचं वाटपपत्र घरात आहे. घडीवर फाटलंय, शिक्का अर्धा पुसलाय, पण नाव वाचता येतं. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारासारखा जमिनीचा उतारा) मात्र कब्जेदार अजून सरकारच! त्यामुळे शेतकऱ्याला सरकारी योजनांसाठी लागणाऱ्या कृषी कार्डाचं अडलंय आणि पंपाची सबसिडीही. विचारायला गेलं की एक कचेरी दुसरीकडे बोट दाखवते. दक्षिण गोव्याचे बहुतेक नळ ह्याच धरणावर चालतात, आणि आम्ही अजून उताऱ्यासाठी रांगेत.

आता आजोबा नाहीत. वडील आणि दोन आत्या. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्याने तिघांचा हिस्सा सारखाच, त्यावरून घरात वाद नाही. प्रश्न एवढाच की आधी आजोबांचं नाव चढवून मग वारसा दस्त (वारस कोण ते नोंदवणारा) करायचा, की दस्त आधी? वाडे किंवा वालकिणी ह्या पुनर्वसन वसाहतींतल्या कोणाचं हे काम झालं असेल तर अर्ज कुठे दिला, कागद कोणते जोडले, तेवढं सांगा. सांगे-केपेतला ह्या कामातला वकील माहीत असेल तर मेसेज करा.