नुसतं चालून रक्त मिसळत नाही

एकाने लिहिलंय की यवतमाळातल्या टिपेश्वर अभयारण्याचा वाघ पार ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला, मग कॉरिडॉरची, म्हणजे एका जंगलातून दुसऱ्यात जायच्या वाटेची, ओरड कशाला? गेला खरा. २०१९ मध्ये निघाला, तेलंगणात शिरून परत आला आणि बुलढाण्यात पोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरच्या नोंदीप्रमाणे सुमारे ३००० किलोमीटर. पण ज्ञानगंगेत त्याला वाघीणच नव्हती! जनुकं पुढे जायला पिल्लं व्हावी लागतात.

शिवाय असे लांब भटकतात ते बहुतेक नर. मादी शक्यतो आईच्या हद्दीजवळच आपली जागा धरते. म्हणून तर २०२३ मध्ये चंद्रपूरकडच्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडल्या. वाट तुटल्यावर काय होतं ते ओडिशातल्या सिमिलीपालच्या जंगलात दिसतं. वाघ मोजके, आपसातलीच पैदास, आणि एरवी जवळपास कुठेच न दिसणारे जाड काळे पट्टे तिथे साधारण तीनातल्या एका वाघावर. लोक फोटो बघून खूश होतात, ते वेगळं.

आमच्याकडे जंगलाबाहेरची वाट म्हणजे नाला आणि उभी तूर. तूर कापली की आडोसा संपला. त्यात डुकरांसाठी तारेत सोडलेला थेट लाइनचा करंट. एका रात्रीत पीक नासलेल्या शेतकऱ्याला शिव्या देऊन उपयोग नाही. कुंपणाला हलका झटका देणाऱ्या सौर झटका मशीननं जनावर मरत नाही, दचकून पळतं. कॉरिडॉरमधल्या गावांना आधी ती मशीन द्या, नकाशे मग काढा.