ट्रेन आधी की जहाज आधी? रेल्वे आणि क्रूझ एकाच सुट्टीत जोडल्याचे अनुभव

पुढच्या उन्हाळ्यात अलास्का क्रूझ करायचं जवळजवळ ठरलंय आणि नवऱ्याच्या डोक्यात आता कॅनडातली रॉकी माउंटेनियर ही पर्यटक ट्रेन शिरलीये, म्हणजे बॅन्फहून काचेच्या डब्यातून रॉकीजचे डोंगर बघत व्हँकूव्हरला यायचं आणि तिथून जहाज पकडायचं. ब्रोशरमध्ये सगळं छान दिसतं हो, पण ट्रेनमधून उतरून जहाजात चढेपर्यंतचं जे काय असतं त्याबद्दल कोणी बोलत नाही. ज्यांनी केलंय त्यांनी हातचं न राखता लिहा प्लीज, अलास्काच हवं असं नाही, कुठलीही ट्रेन आणि कुठलंही जहाज चालेल.

---

आम्ही अगदी हाच रूट केला. पहिली गोष्ट, ही ट्रेन फक्त दिवसाउजेडी चालते. झोपायचा डबाच नाही, रात्री वाटेतल्या कॅमलूप्स गावात हॉटेलात उतरवतात आणि मोठ्या बॅगा ट्रकने परस्पर हॉटेलवर जातात त्यामुळे ओझं वाहायचा त्रास शून्य. बॅन्फहून निघालं की किकिंग हॉर्स खिंडीत स्पायरल टनेल्स लागतात, १९०९ मध्ये केलेले, डोंगराच्या पोटातच गाडी गोल वळते आणि बाहेर येते तेव्हा आपण बरेच खाली असतो. आधी तिथे इतका भयंकर उतार होता की गाड्या ताब्यात राहायच्या नाहीत, म्हणून हा खटाटोप. पुढे क्रेगेलाकी येतं, १८८५ च्या नोव्हेंबरमध्ये कॅनडाच्या आरपार रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला ती जागा, गाडी झर्रकन पुढे जाते, डुलकी लागली असेल तर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम रखरखीत पिवळे डोंगर आणि मग फ्रेझर नदीची घळ, हेल्स गेटपाशी नदी अशी काही आवळली जाते की पाणी उकळतंय असं वाटतं.

आता तुमचा खरा प्रश्न. हे रूळ मालगाड्यांच्या कंपन्यांचे आहेत, त्यामुळे समोरून मालगाडी आली की आपली गाडी बाजूच्या रुळावर उभी, आणि त्या मालगाड्या संपता संपत नाहीत. आमच्या डब्यातली होस्ट मुलगी हसत सांगत होती की पोचायची वेळ म्हणजे अंदाज समजा. त्यामुळे व्हँकूव्हरला किमान एक रात्र, जमल्यास दोन. ट्रेनचं स्टेशन आणि कॅनडा प्लेसचा क्रूझ टर्मिनल वेगवेगळ्या जागी आहेत, टॅक्सीने फार लांब नाही, पण गाडी पोचते संध्याकाळी आणि अलास्काची जहाजं साधारण दुपारी सुटतात म्हणजे त्याच दिवशी जुळवणं शक्यच नाही. आणि हो, अमेरिकेचं इमिग्रेशन व्हँकूव्हरलाच जहाजात चढण्याआधी होतं, तेव्हा व्हिसाची कागदं बॅगेत तळाशी टाकू नका, तिथे रांग चांगलीच लांब असते.

---

मी उलट बाजूचा. आधी जहाज, मग ट्रेन, आणि माझं मत विचाराल तर तेच बरं. व्हँकूव्हरहून उत्तरेला जाणारं वन-वे जहाज घ्यायचं जे अलास्कातल्या व्हिटिअर किंवा स्यूअर्ड बंदराला सोडतं, आणि तिथून अलास्का रेलरोडच्या रुळांवरून आत डेनाली शिखराच्या भागाकडे. यात ताण उलटा पडतो, म्हणजे चुकायचं असलं तर ट्रेन चुकेल, ती निदान दुसऱ्या दिवशी मिळते, सुटलेलं जहाज कसं पकडणार?

बऱ्याच जणांना प्रश्न पडतो की ही वन-वे जहाजं अमेरिकेच्याच सिअॅटलहून का निघत नाहीत. त्याला १८८६ चा एक अमेरिकन कायदा कारण आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरात माणसं चढवून दुसऱ्या अमेरिकन बंदरात कायमची उतरवता येत नाहीत. म्हणून सुरुवात कॅनडातून. सिअॅटलहून जाऊन परत सिअॅटललाच येणारी जहाजंही याच भानगडीपायी वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात.

ग्लेशियर बे (हिमनद्यांची खाडी) असलेली क्रूझ बघा, तिथे दिवसाला फक्त दोनच मोठी जहाजं सोडतात त्यामुळे सगळ्यांच्या कार्यक्रमात ते नसतं. व्हिटिअरला उतरलं की लगेच एक चार किलोमीटरचा बोगदा, एकच लेन, गाड्या आणि रेल्वे आळीपाळीने त्याच भोकातून जातात, मजा आहे बघायला. डेनाली शिखर मात्र (६,१९० मीटर) बहुतेकांना ढगच दाखवतं, त्याच्या भरवशावर जाऊ नका. आम्हाला दिसलं. डब्यातला मघापासून फोनवर मोठ्याने बोलणारा एक गृहस्थपण गप्प झाला.

---

वरच्यांना +१, पण बजेट कमी असेल तर वेगळी ट्रेन घेऊच नका असं माझं म्हणणं. क्रूझ अलास्कातल्या स्कॅगवेला थांबते तिथून व्हाइट पासची नॅरोगेज रेल्वे अर्ध्या दिवसात करून येता येते. सोनं शोधायला लोकांची झुंबड उडाली होती त्या काळात १८९८ ला काम सुरू केलं आणि दोन वर्षांत डोंगर फोडून संपवलं. खिंडीपर्यंत जाताना डाव्या बाजूला बसा, दरी तिकडेच आहे. वर पोचलं की सीटची पाठ उलटी फिरवायची आणि सगळ्यांनी बाजू बदलायची, म्हणजे उजवीकडचे नाराज होत नाहीत. दोन डब्यांच्या मधल्या उघड्या प्लॅटफॉर्मवर उभं राहता येतं, मी जवळजवळ सगळा वेळ तिथेच होते, लोखंडी कठडा इतका गार की हातमोज्यातूनसुद्धा बोटं बधिर, आणि वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन समोरच्या कड्यावर दिसतं. लक्झरी वगैरे काही नाही, लाकडी डबे आहेत. पण तो वारा काचेच्या डोममध्ये मिळतो का सांगा.

---

नॉर्वेला हेच फ्लॉमला होतं. जहाज धक्क्याला लागतं आणि स्टेशन तिथेच चालत काही मिनिटांवर. वीस किलोमीटरचा रस्ता, वीस बोगदे, आणि समुद्रसपाटीवरून थेट ८६६ मीटरवर मिर्डालला. मध्ये धबधब्यापाशी गाडी पाच मिनिटं थांबते, गाणं लागतं आणि लाल कपड्यातली एक बाई खडकावर नाचते, काहींना फार आवडतं, मला जरा सर्कस वाटली. एकाच दिवशी दोन जहाजं आली तर मात्र हाल, तिकिटं आधीच काढा.

---

आमचा किस्सा वाचा आणि शहाणे व्हा. स्वित्झर्लंडहून इटलीत उतरणारी बर्निना एक्सप्रेस आणि मग इटलीतल्या जेनोवाहून मेडिटेरेनियन क्रूझ, बुकिंग एका एजंटने केलेलं, त्याने ट्रेन आणि जहाज एकाच दिवशी ठेवलं आणि आम्ही शंका काढली तर म्हणे युरोपात गाड्या घड्याळावर चालतात. स्विस गाडी चाललीच घड्याळावर. ब्रुसिओचा तो गोल पूल अप्रतिम, गाडी स्वतःच्याच शेपटाखालून जाते, २,२५३ मीटरवरून कुठलाही दातेरी रूळ नसताना खाली तिरानोला उतरते. पुढे तिरानोहून मिलानची साधी लोकल टाइप गाडी, अडीच तासांची, ती मध्येच कुठेतरी उभी राहिली, मिलानला जेनोवाची गाडी गेली, आणि आम्ही बंदरावर पोचलो तेव्हा चेक-इन बंद. जहाज समोर दिसतंय, शिडी काढलेली. एजंट फोन उचलेना. शेवटी बोर्डिंग पासवर जो इमर्जन्सी नंबर असतो त्यावर बायकोने फोन लावला, त्यांनी नावं घेतली आणि सांगितलं की पुढच्या बंदरात चढा, चिविताव्हेक्कियाला, आणि आम्ही आपले किनाऱ्याकिनाऱ्याने ट्रेनने जहाजाच्या मागे. पुढच्या बंदरात चढायला परवानगी लागते हे लक्षात ठेवा, कंपनी नाही म्हणू शकते, आणि अमेरिकेच्या बंदरांमध्ये वर सांगितलेल्या त्या कायद्यामुळे हे आणखी अवघड.

फोटोवाल्यांसाठी: पॅनोरमा डब्याच्या काचा उघडत नाहीत, निम्म्या फोटोंत स्वतःचंच थोबाड येतं. त्याच रुळांवर साधी लोकल गाडीही धावते, तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात आणि तिकीट स्वस्त.

---

सासूसासऱ्यांना घेऊन गेलो होतो म्हणून लिहिते. रॉकी माउंटेनियरच्या गोल्डलीफ डब्यात बसायचं वर डोममध्ये आणि जेवायचं खाली, मधला जिना गोल आणि गाडी हलत असते. सिल्व्हरलीफ एकमजली आहे, जेवण जागेवर येतं, गुडघेवाल्यांना तेच सोयीचं. समुद्राचं म्हणाल तर इनसाइड पॅसेज बेटांच्या आडोशाने जातो त्यामुळे फार हलत नाही, पण स्यूअर्डकडे जाणारी वन-वे जहाजं अलास्काच्या आखातात उघड्या समुद्रावर येतात तिथे सासऱ्यांनी दोन वेळचं जेवण सोडलं.

---

सगळ्यांना थँक्यू! नवरा आता दोन्ही बाजूंना ट्रेन म्हणतोय, सुरुवातीला रॉकीज आणि शेवटी डेनाली, त्याला कोणीतरी समजवा. महिना कुठला घ्यावा?

---

मे नाहीतर जून. दक्षिणपूर्व अलास्कात तेव्हा त्यातल्या त्यात कोरडं असतं आणि रॉकीजच्या डोक्यावर बर्फ शिल्लक असतं, सप्टेंबर स्वस्त पडतो पण पाऊस धरून चाला. दोन्ही ट्रेन करणार असाल तर पैसे आणि सुट्ट्या मोजा, मग नवरा आपोआप समजेल.