हात वर केले नाहीत म्हणजे भक्ती मेली का?

पेठेतला:
सर्वांना सलाम. परवा एका भावाने आपल्या ख्रिस्ती ग्रुपवर लिहिलं, "पुस्तकातून प्रार्थना वाचणाऱ्या जुन्या चर्चच्या मंडळ्यांत उपासना होत नाही, नुसती हजेरी लागते. जिथे डोळ्यांत पाणी नाही तिथे आत्मा नाही." खाली आमेनची रांग. मला गप्प बसवत नाही म्हणून लिहितोय.

माझी आजी निरक्षर होती. गुरुवार पेठेत, पंचहौदच्या पवित्र नाम देवालयात ऐकून ऐकून तिला अख्खी उपासना पाठ झालेली. तांदूळ निवडताना ओठ हलत असायचे. चाळीत कुणी आजारी पडलं, मग ते कुठल्याही धर्माचं असो, की ती उशाशी बसून तेच शब्द पुटपुटायची आणि रात्रभर हलायची नाही. आयुष्यात तिने हात वर केले नाहीत. डोक्यावर पदर आणि नजर खाली. ही हजेरी?

बायबलात योहान 4 मध्ये शोमरोनी बाई विचारते, उपासना कुठे करायची, या डोंगरावर की यरुशलेमात? प्रभू म्हणतो, आत्म्याने व खरेपणाने. आवाज किती चढवायचा हे त्यात कुठेच नाही. उलट मत्तय 6 मध्ये खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितलंय. रडणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण रडणं हे माप लावून दुसऱ्याची भक्ती मोजायला कुणी सांगितलं?

पिंपरीकर:
ग्रुपवरचा तो भाऊ मीच. लिहिलं त्यावर ठाम आहे.

तुमच्या आजींना मनापासून सलाम. पण आज त्या बाकांवर कोण बसतं तेही लिहा. पापकबुलीची प्रार्थना तोंडाने चालू असते आणि बोट मोबाइलवर. यशया 29:13 वाचा, "ओठांनी सन्मान आणि अंतःकरण दूर". मीही अशाच मंडळीत वाढलो. बाप्तिस्मा, दृढीकरण सगळं वेळच्या वेळी झालं. माझे वडील दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसायचे आणि सोमवारी पिऊन आईवर हात टाकायचे. मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं, एकानेही विचारलं नाही. त्यांची दारू सुटली ती भोसरीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे अनोळखी माणसं त्यांच्यासाठी गुडघ्यांवर येऊन ओक्साबोक्शी रडली. त्या रडण्याला कुणी दिखावा म्हणालं की माझं डोकं फिरतं.

आणि दावीद राजा देवाच्या कराराच्या कोशापुढे, म्हणजे त्या पवित्र पेटीपुढे नाचला तेव्हा खिडकीतून पाहून नाक मुरडणारी त्याची बायको मीखल होती. तुमच्याकडे खिडक्या फार झाल्यात.

केडगावची लेक:
मोठ्याने प्रार्थना करणं हे हल्लीचं फॅड आहे असं आमच्या जुन्या मंडळीतले वडीलधारे म्हणतात. त्यांना 1905 चं केडगाव आठवत नाही का? पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली एकाच वेळी मोठ्याने, रडत प्रार्थना करत होत्या. तेव्हाही लोकांनी नावं ठेवली होती.

पण पिंपरीकर, तिथेच थांबू नका. त्याच रमाबाई दुष्काळातल्या पोरींना आणून जेवू घालत होत्या, त्यांना छापखाना चालवायला शिकवत होत्या आणि स्वतः हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, 1922 मध्ये देवाघरी जाईपर्यंत. अश्रूही तिथलेच आणि पुस्तकही तिथलंच. तुम्ही दोघं अर्धं अर्धं धरून का ओढताय?

तबलजी:
हे सगळं ठीक आहे, पण पेटी-तबला कुठे गेला ते कुणी बोलेल का? खरेपणाची गोष्ट निघालीच आहे म्हणून विचारतो. नऊच्या भक्तीला आता ड्रमसेट, पडद्यावर रोमन लिपीत हिंदी कोरस आणि पुढे तीन मुलं माइक धरून. मंडळी उभी राहून बघते. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन लावलं की आख्खं देऊळ गायचं. 'उपासना संगीत' हे आपलं मराठी गीतांचं पुस्तक आता पाळकसाहेबांच्या कपाटात. तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणणारा, कीर्तन करणारा, 1917 मध्ये मिशन सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करणारा माणूस आपला, आणि आपल्यालाच त्याची लाज!

वडगावशेरीकर:
तबलजी, लाजेचा प्रश्न नाही. माझी बायको मल्याळी, मुली इंग्रजी शाळेत. मराठी भजन लागलं की तिघीही गप्प. हिंदी कोरसला चौघं एकत्र गातो. तुमच्या भजनासाठी माझ्या घरच्यांनी मुकं राहायचं?

आम्ही कॅथलिक. पेशव्यांच्या फौजेतल्या कॅथलिकांसाठी क्वार्टर गेटचं सिटी चर्च उभं राहिलं ते 1792 मध्ये, जागा पेशव्यांनीच दिलेली. तिथे पिढ्यान् पिढ्या मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे साठच्या दशकात, लोकांच्या भाषा आल्या. तोवर आमच्या आज्या हातात जपमाळ घेऊन न कळणारी मिस्सा ऐकत होत्या. त्यांची भक्ती खोटी होती का?

तबलजी:
खोटी कोण म्हणालं? पण त्यांना त्यांच्या भाषेत गायला मिळालं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं का? मिळालेलं आपण सोडतोय, हे माझं दुखणं आहे.

मी वर्षानुवर्षं तबल्यावर होतो. एका रविवारी प्रॅक्टिसला गेलो तर पंच कमिटीतले एक जण म्हणाले, "आता ट्रॅक लावणार, तुम्ही मंडळीत बसा." डग्गा दानाच्या थैल्यांच्या कपाटाखाली ढकललेला, शाईला ओल लागलेली. चार शब्द नीट बोलले असते तरी चाललं असतं. त्यानंतर मी गातो, पण आतून काही येत नाही. माझ्यासाठी वाजवणं हीच प्रार्थना होती.

वडगावशेरीकर:
हे चुकीचंच झालं. पण त्याचा राग आमच्या कोरसवर काढू नका.

पेठेतला:
धागा वाद्यांवर गेला. मला मूळ मुद्द्यावर यायचंय. मागच्या बाकांवरचे मोबाइल खरे आहेत, पिंपरीकर. आणि तुमच्या आईला कुणी विचारलं नाही ही तर जुन्या मंडळीची शरमेची गोष्ट आहे. पुस्तक बंद केल्याने ती मिटणार नाही.

आमच्या काकांचं सख्ख्या भावाशी नगरकडच्या प्लॉटवरून वाजलं होतं, बोलणं बंद. एका रविवारी प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेबांनी मत्तय 5 वाचलं, दान वेदीपुढे ठेव आणि आधी भावाशी समेट कर. काका रांगेत माझ्या पुढे होते. वेदीपाशी जवळजवळ पोहोचले आणि वळले. लोक बघतायत, काकू हात धरतायत, पण ते सरळ बाहेर. स्कूटरला किक मारली आणि येरवड्याला भावाच्या दारात. त्या दिवशी त्यांनी भाकर-द्राक्षारस घेतलाच नाही. मी पाहिलेली सगळ्यात खरी उपासना ती, आणि त्यात ना पुस्तक हातात होतं, ना हात वर.

पिंपरीकर:
हे मानतो, नाइलाजाने. पण काकांना वळवलं कुणी? छापील कागदाने की पवित्र आत्म्याने?

पेठेतला:
आत्म्यानेच. छापील वाचन कानावर पडल्यावर.

पिंपरीकर:
तुम्ही शब्द खाली पडू देणार नाही. "आत्मा नाही" हे माझं वाक्य मागे घेतो. "हजेरी" मागे घेत नाही.

केडगावची लेक:
काका आणि त्यांचे भाऊ आता बोलतात का?

पेठेतला:
बोलतात, ताई. नाताळला येणं-जाणं असतं. प्लॉटचा दावा अजून कोर्टात आहे.

तबलजी:
पिंपरीकर, शेडमध्ये वाजवायला काय आहे?

पिंपरीकर:
ढोलकी आहे, वाजवणारा पोरगा गावी गेलाय. पत्ता पाठवतो. तबला घेऊन या, टिळकांची भजनं आमच्या लोकांना येत नाहीत, शिकवावी लागतील.