पूर्ण स्तन काढणे हाच सुरक्षित मार्ग आहे काय?

तुकोगंजकर:
इंदूरच्या आपल्या मराठी घरांत स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की वडीलधारी मंडळी ठरवून टाकतात, ‘सगळे काढा, मागे काही राहायला नको.’ शल्यचिकित्सकांनी दोन पर्याय सांगितलेले असले, तरी जिच्या शरीराचा प्रश्न आहे तिच्यापर्यंत दुसरा पर्याय नीट पोहोचतच नाही. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी या शल्यचिकित्सकांनी 1970च्या दशकात सुरू केलेल्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. लवकर सापडलेल्या गाठीत फक्त गाठ व भोवतालचा थोडा भाग काढून किरणोपचार दिले, तरी आयुर्मान पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतकेच राहते, असे दोन्हींत दिसले. तरीही आपण भीतीपोटी मोठी शस्त्रक्रिया मागून घेतो, हे मला अयोग्य वाटते.

निमाडची सून:
आपण अर्धीच गोष्ट सांगितलीत. वेरोनेसींच्याच चाचणीत त्याच स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण स्तन वाचवलेल्यांत 8.8 टक्के होते आणि पूर्ण काढलेल्यांत छातीच्या त्या जागी 2.3 टक्के. फिशर यांच्या चाचणीत गाठ काढून किरणोपचार न घेतलेल्यांपैकी 39 टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग परतला. किरणोपचार घेतलेल्यांत हेच प्रमाण 14 टक्के होते. म्हणजे सारा भरवसा सिकाईवर, किरणोपचारांवर. बडवानीकडच्या खेड्यातली बाई सोयाबीनच्या कापणीच्या दिवसांत घर सोडून इंदुरात किती आठवडे राहणार? सिकाई अर्धवट टाकून ती परत गेली, तर तिचा स्तन वाचवण्याचे श्रेय कोण घेणार?

किरणविभागातला जुना माणूस:
ताई, अडचण खरी आहे, पण पूर्ण स्तन काढल्याने सिकाई टळतेच असे नाही. गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असली किंवा काखेतल्या चार वा अधिक गाठींत (लसिकाग्रंथींत) रोग पोहोचलेला असला, तर स्तन काढूनही छातीला किरण द्यावे लागतात. शिवाय पूर्वीचे पाच-सहा आठवडे आता राहिलेले नाहीत; बहुतेक ठिकाणी तीन आठवड्यांत पंधरा वेळा सिकाई होते आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीनंतर निवडक रुग्णांना आठवड्याभरात पाच वेळांतही ती देतात. (यंत्रासमोरची रांग मात्र कुठल्या चाचणीत मोजली जात नाही.)

ग्वाल्हेरची आत्या:
तुकोगंजकर, मी दोन्ही पर्याय समजून घेऊन पूर्ण स्तन काढून घेतला. ती भीती नव्हती. या वयात दर वर्षी मॅमोग्राफी (स्तनाची एक्स-रे तपासणी) आणि प्रत्येक चित्रामागची धाकधूक मला नको होती. तेव्हा मोठी शस्त्रक्रिया निवडणारी प्रत्येक स्त्री दबून गेली, असे कृपया लिहू नका. अर्थात दुसऱ्या स्तनाची तपासणी मलाही चुकलेली नाही. आणि आपण सारे स्तनावरच अडलो आहोत. मला खरा त्रास काखेने दिला. काखेतल्या गाठी सरसकट काढल्यामुळे हात सुजतो आणि जड भांडे उचलवत नाही. रोग आधी जिथे पोहोचतो त्या पहिल्या एक-दोन गाठी तपासून त्यांत रोग नसेल तर बाकीच्या राखता येतात, ही चौकशी शस्त्रक्रियेपूर्वी जरूर करावी.

तुकोगंजकर:
आत्या, आपला निर्णय आपण घेतलात, त्याविषयी माझी तक्रार नाही. माझा आक्षेप घरच्यांनी परस्पर घेतलेल्या निर्णयाला आहे. एकाच स्तनात दूर दूर अनेक गाठी असतील किंवा दाहक प्रकारचा कर्करोग असेल, तर बहुतेक वेळा स्तन काढावा लागतो, हेही मान्य. मात्र एकटी मोठी गाठ पुष्कळदा आधी केमो देऊन लहान करता येते. शिवाय यकृतात वा हाडांत रोग पसरू नये यासाठी गरजेप्रमाणे केमो आणि हार्मोनसंवेदनशील कर्करोगात किमान पाच वर्षांच्या गोळ्या लागतात. अधिक कापल्याने ते औषध सुटत नाही.

निमाडची सून:
औषधांविषयी वाद नाही. पण स्तन वाचवण्याचा सल्ला देणाऱ्याने शस्त्रक्रियेच्या तारखेबरोबरच सिकाईची जागा आणि त्या तीन आठवड्यांच्या मुक्कामाची सोयही रुग्णाच्या हाती द्यावी. तोवर खेड्यातल्या बाईसाठी माझे मत बदलणार नाही.