अनुभव धागा: प्रवेश मिळाल्यानंतर कोणत्या कॅम्पसला भेट द्यावी?

मार्चअखेरीपर्यंत अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांचे निर्णय हाती येतात आणि साधारणपणे १ मेपर्यंत एका ठिकाणी डिपॉझिट भरून होकार कळवावा लागतो. मधल्या एप्रिलमध्ये एमआयटीचा कॅम्पस प्रिव्ह्यू वीकेंड, येलचे बुलडॉग डेज, हार्वर्डचे व्हिजिटास, बर्कलीचा कॅल डे असे कॅम्पस-भेटीचे कार्यक्रम एकमेकांना खेटून येतात. एपीच्या (शाळेत शिकलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या) परीक्षाही तोंडावर असतात, त्यामुळे सगळीकडे जाणे जमत नाही. आपल्या घरी ही निवड कशी झाली, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

एक आई, न्यू जर्सी

लेकीपुढे एमआयटी आणि आमच्या राज्याचे विद्यापीठ असे दोन पर्याय होते. घराजवळचे विद्यापीठ कोणत्याही सोमवारी पाहता येईल, म्हणून प्रवासाचा खर्च एमआयटीसाठीच करायचा, असे आम्ही ठरवले. तिथे मुले सध्याच्या विद्यार्थ्यांसोबत वसतिगृहात मुक्काम करतात आणि कार्यक्रम मध्यरात्र उलटून गेली तरी चालूच असतात. त्या उत्साहाने कोणीही भारावून जाईल. म्हणूनच एक नेहमीचा वर्ग बघून ये, असा मी आग्रह धरला होता. भौतिकशास्त्राच्या त्या वर्गात एकेका गोल टेबलाभोवती नऊ विद्यार्थी, तिघातिघांचे गट आणि चारही भिंतींना फळे होते, आणि प्राध्यापक टेबलांमधून फिरत प्रश्न विचारत होते. तिने फोनवर सांगितले, "आई, इथं मागच्या बाकावर बसायची सोयच नाही." तिला हेच हवे होते. आणखी एक गोष्ट: काही वसतिगृहांत मेस नसते, मुले स्वतः स्वयंपाक करतात. शाकाहारी मुलांच्या पालकांनी ही स्वयंपाकघरे आवर्जून पाहायला सांगावीत.

एक वडील, सॅन होजे

कॅल डे शनिवारी असतो आणि सर्वांना खुला असतो. विभागांची माहिती भरपूर मिळते, पण गर्दीही तशीच असते आणि नेहमीचे वर्ग भरत नाहीत. गाडीने जाता येण्याजोगे अंतर असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी पुन्हा जावे आणि मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलायचा झाल्यास काय करावे लागते, हे त्या विभागातल्या विद्यार्थ्यांनाच विचारावे.

दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, शिकागोजवळून

आमच्या घरी आई एकटी कमावती आहे, त्यामुळे माझी निवड पैशांपासूनच सुरू झाली. आर्थिक मदत मिळणाऱ्या विद्यार्थ्यांना काही खासगी विद्यापीठे भेटीचा प्रवासखर्च देतात, मात्र त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. मी तो केला आणि जिथून होकार आला तिथे गेले. स्वागत समारंभाची एक सकाळ सोडून मी आर्थिक मदत कार्यालयात बसले. दोन विद्यापीठांच्या पत्रांतल्या एकूण रकमा जवळपास सारख्या दिसत होत्या, पण एकीत बराच भाग कर्जाचा होता आणि दुसरीत जवळजवळ सगळे अनुदान होते. तिथल्या बाईंनी माझ्यासमोर कागद घेऊन चार वर्षांचा हिशेब ओळीने मांडला, प्रवासाचे आणि आरोग्य विम्याचे पैसेही धरले. ज्यांच्या घरी खर्चाचा प्रश्न आहे, त्यांनी हे कार्यालय सुट्टीमुळे बंद असेल असा कार्यक्रम निवडू नये, असे मला मनापासून वाटते.

एक पालक, पुणे

एफ-१ हा विद्यार्थ्यांचा व्हिसा प्रवेश पक्का झाल्यावरच मिळतो आणि केवळ भेटीसाठी वेगळा व्हिसा काढणे आम्हाला शक्य नव्हते, म्हणून मुलाने ऑनलाइन कार्यक्रमांतूनच निवड केली. एप्रिलमध्ये पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार झालेले असतात, त्यामुळे मोजकीच सत्रे निवडावी लागली. आम्ही भाषणांची सत्रे वगळली आणि विद्यार्थ्यांशी थेट बोलता येईल तीच घेतली. एका सीनियरने फोन हातात धरून वसतिगृहापासून प्रयोगशाळेपर्यंतचा रस्ता चालत दाखवला. हिवाळी सुट्टीत वसतिगृह उघडे असते का, हा प्रश्न मुलाने प्रत्येक ठिकाणी विचारला. एका विद्यापीठात तेवढ्या काळापुरती राहण्याची सोय स्वतः करावी लागणार होती, तर दुसरीकडे खोली सोडावी लागत नव्हती. आम्ही दुसरीकडे डिपॉझिट भरले.