सरसकट ७० टक्के कॅप? कुठल्या आकड्याचे?

रात्रपाळी: "प्रत्येक सर्व्हरला पाटीवरच्या वॅटच्या ७० टक्के कॅप (वीज खाण्याची कमाल मर्यादा) लावा आणि निवांत झोपा" असं काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. अहो, पाटीवरचा आकडा पॉवर सप्लायची क्षमता सांगतो, सर्व्हर किती खातो ते नाही! आमचा ८०० वॅटचा डबा भर लोडवरही ४२० च्या वर जात नाही. ८०० चे ७० टक्के म्हणजे ५६०. कॅप लावली काय, न लावली काय! तोच नियम गच्च भरलेल्या जीपीयूच्या (एआयची जड गणितं करणाऱ्या चिपच्या) डब्याला लावा, तो गुदमरेल. आधी आपला लोड महिनाभर मोजा, मग आकडे फेका.

वॅटमोज्या: लिहिणारा मीच. पाटीचं चुकलं, कॅपचं नाही. चिपची डायनॅमिक पॉवर, म्हणजे काम करताना खाल्लेली वीज, व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. वरच्या टोकाची थोडी फ्रिक्वेन्सी सोडली की व्होल्टेजही कमी लागतं आणि वॅट भराभर उतरतात, काम त्या मानाने कमी घटतं. ७०० वॅटचा एच१०० जीपीयू एकदा ५५० वर चालवा, मग बोला.

जुना खिळा: बॅचला, म्हणजे मागे सावकाश चालणाऱ्या कामांना, ठीक. आमच्या एपीआयच्या, म्हणजे लगेच उत्तर द्यावं लागणाऱ्या, डब्यांना कॅप लावली तर उत्तराची सरासरी वेळ होती तशीच, पी९९ (शंभरातल्या सगळ्यात हळू एकाची वेळ) दुप्पट. टाइमआउट, मग रीट्राय, मग आणखी लोड. तीन रात्री जागलो. निवांत झोपा म्हणे!

दोनफीड: सगळे सर्व्हरलाच धरून बसलात. ए-बी फीडकडे, म्हणजे रॅकला वीज देणाऱ्या दोन वेगळ्या लाइनींकडे, कोण बघणार?

वॅटमोज्या: विषय काय, तुमचं काय!

दोनफीड: विषय हाच आहे. मागच्या नोकरीत ३२ अँपिअरच्या ब्रेकरवर दोन्हीकडे २४-२४ होते. ८० टक्क्यांच्या आत, म्हणून डॅशबोर्ड हिरवागार. यूपीएसच्या देखभालीला ए बंद केला, सगळा भार बी वर, ४८. काही मिनिटांत अख्खा रॅक काळा. फीडमागे ब्रेकरच्या ४० टक्के, त्यापुढे जायचंच नाही.

वॅटमोज्या: म्हणजे निम्म्याहून जास्त वीज नुसती राखून ठेवायची? पैसे कोण भरणार?

दोनफीड: त्या रात्री मी भरले. शिव्या खाऊन.

रात्रपाळी: भांडू नका. ब्रेकर थोडा जादा भार काही काळ सोसतो. तेवढ्यात कॅप लागली तर रॅक वाचतो. म्हणून कॅप रॅकच्या बेरजेवर हवी आणि फीड गेल्यावरच आवळायची. एरवी कशाला गळा दाबायचा?

जुना खिळा: बीएमसीने (सर्व्हरमधल्या, कॅप लावणाऱ्या देखरेखीच्या चिपने) वेळेत ऐकलं तर! आमचा ऐन वेळी हँग होतो. फर्मवेअर लिहिणाऱ्यांना एकदा रात्रपाळीला बसवा.

दोनफीड: हे मात्र शंभर टक्के. म्हणूनच माझे ४०.

वॅटमोज्या: बरं बाबा, ७० मागे घेतो, हारतुरे आणा. रॅकवर कॅप, आधी बॅचवाले दाबा, एपीआयवाले शेवटी. पण न मोजता "कॅपच नको" म्हणणाऱ्यांनाही हाच न्याय लावा.

जुना खिळा: मी मोजलं होतं. तीन रात्री.