क्लोरीन टनर शेड: रिस्क मॅट्रिक्सऐवजी फझी लॉजिक चालेल का?

हॅझॉप_रायगड:
शेडमध्ये 900 किलोचे क्लोरीन टनर (द्रव क्लोरीनच्या मोठ्या टाक्या) आहेत. तांब्याची पिगटेल (टनरला जोडणारी बारीक लवचिक नळी) तुटण्याची वारंवारता टीममधले काही जण वर्षाला 8×10⁻⁴ धरतात, काही जण 2×10⁻³. नेमकी 10⁻³ ची रेघ मध्ये येते, त्यामुळे 5×5 रिस्क मॅट्रिक्समध्ये (वारंवारता आणि तीव्रतेचे पाच-पाच गट असलेला धोक्याचा तक्ता) एकदा पिवळं (मध्यम) घर मिळतं, एकदा लाल (जास्त धोका). फझी लॉजिकने (एकच आकडा दोन गटांत थोडाथोडा मोजण्याची पद्धत) हे सुटेल का? गट आणि नियम कसे ठेवायचे?

त्रिकोण:
रेघेवरची उडी नक्की जाते. वारंवारता लॉग स्केलवर (10 च्या घातांकाने) घ्या, नाहीतर खालचे सगळे गट शून्यापाशी चिकटतात. प्रत्येक गटाचा एक त्रिकोण, त्याची उंची म्हणजे आकडा त्या गटात किती बसतो (0 ते 1). 'कधीतरी'च्या (10⁻² ते 10⁻³) त्रिकोणाचा शेंडा −2.5 वर, 'विरळ'चा −3.5 वर, पाया शेजारच्या शेंड्यापर्यंत. मग 2×10⁻³ म्हणजे −2.7: 'कधीतरी' 0.8, 'विरळ' 0.2. आणि 8×10⁻⁴ म्हणजे −3.1: 0.4 आणि 0.6. फरक उरतो, पण तो टप्प्याटप्प्याने. तीव्रतेसाठी हवेत 10 पीपीएम (दशलक्षात 10 भाग) क्लोरीन पोहोचतं ते वर्तुळ कुंपणाबाहेर किती जातं ते धरा. पाच गुणिले पाच, 25 नियम. ते तुमच्या मंजूर मॅट्रिक्समधूनच उचला, नवे बसवू नका. ममदानी पद्धत (नियमांचं उत्तरही त्रिकोणी गटांतच येतं), 'आणि'साठी दोन्हीतला लहान आकडा, शेवटी सेंट्रॉइड, म्हणजे उत्तराच्या आकाराचा गुरुत्वमध्य हाच धोक्याचा अंक.

गॅस्केट:
सेंट्रॉइड टोकाला पोहोचतच नाही, इथे हमखास घोळ होतो. आउटपुट 0 ते 10 आणि 'अति धोका'चा त्रिकोण 8-10-10 असेल, तर सर्वांत वाईट प्रसंगालाही 9.33 च मिळतात. '9.5 च्या वर प्लांट बंद' ही मर्यादा मग कधीच लागू होणार नाही. दुसरं, एकही नियम लागू झाला नाही तर मॅटलॅब (गणनेचं सॉफ्टवेअर) आउटपुटचा मधला आकडा, म्हणजे 5 देतं. रिकामी जागा 'मध्यम धोका' म्हणून अहवालात जाते. दोन्ही इनपुट (वारंवारता, तीव्रता) बारीक पावलांनी फिरवून धोक्याच्या अंकाचा पृष्ठभाग आलेखात काढा. वारंवारता वाढताना धोका कुठेही उतरला तर त्रिकोण किंवा नियम दुरुस्त करा.

हॅझॉप_रायगड:
मग एसआयएलही (सुरक्षा यंत्रणा किती भरवशाची हवी ती पातळी) यातूनच ठरवता येईल?

गॅस्केट:
नको, ते लोपानेच (संरक्षणाचे थर एकेक मोजण्याची पद्धत) करा. फझी अंकाला 'वर्षाला इतके वेळा' असं एकक नसतं, त्यामुळे धोका किती पट कमी करायचा हे त्यातून निघत नाही. प्रसंगांचा अग्रक्रम लावायला तो चांगला. आणि टनर बदलताना दर वेळी नवा वॉशर बसतो का, सोडलेल्या पिगटेलचं तोंड लगेच बंद होतं का, हे आधी बघा. दमट हवा आत गेली की क्लोरीनबरोबर आम्ल होऊन तांबं आतून खाल्लं जातं. हे पाळलं जात नसेल तर 8×10⁻⁴ धरूच नका.